जेलीफिशची टाकी आणि मराठवाड्याचा उन्हाळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरगुती मत्स्यालयांविषयी आलेल्या लेखात दिवाणखान्यात जेलीफिशची गोल टाकी कशी बसवावी, याची माहिती होती. लेख वाचनीय आहे आणि जेलीफिशला चौकोनी टाकी का चालत नाही, हे त्यात नेमके सांगितले आहे. मात्र तो वाचून माझ्याकडे विचारणा करणारी मंडळी टाकीचा आकार, दिव्यांचा रंग आणि किंमत यांपलीकडे काही विचारत नाहीत. काचेच्या व अ‍ॅक्रिलिकच्या टाक्या बनवणे हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे गिऱ्हाईक परत पाठवण्यात माझेच नुकसान आहे. तरीही सांगावेसे वाटते की, मराठवाड्यात अशा टाकीची आखणी उन्हाळ्यापासून सुरू करावी लागते, आणि तशी केली तर बहुतेक घरांसाठी लेखातल्यापेक्षा वेगळीच टाकी योग्य ठरते.

लेखात सुचवलेला मून जेलीफिश प्रामुख्याने थंड व समशीतोष्ण समुद्रातला असून, घरच्या टाकीत त्याला साधारण 18 ते 22 अंश तापमान लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीतला स्लॅब मध्यरात्रीही निवत नाही. म्हणजे चिलर, अर्थात पाणी थंड करणारे यंत्र, आलाच. तो शोभेच्या कपाटात बंद करून ठेवला, तर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत राहतो आणि पाणी थंड होत नाही. त्याला मागून-पुढून मोकळी हवा हवी. पावसाळ्यात याच टाकीचा दुसरा त्रास सुरू होतो. हवेत दमटपणा आला की थंड पाण्याच्या टाकीला बाहेरून घाम सुटतो आणि तो ओघळून खालच्या प्लायवूडमध्ये मुरतो. अ‍ॅक्रिलिकमधून काचेच्या मानाने उष्णता बरीच कमी वाहते, म्हणून अशा टाकीसाठी मी काच वापरत नाही.

आकाराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण खरी कारागिरी तिथेच आहे. जेलीफिश प्रवाहाविरुद्ध पोहू शकत नाही. कोपऱ्यात गेला की अडकतो आणि फिल्टरच्या तोंडाशी गेला की चिकटून फाटतो. जर्मन शास्त्रज्ञ वुल्फ ग्रेव्ह यांनी प्लवकांच्या संवर्धनासाठी गोलाकार फिरत्या प्रवाहाची टाकी तयार केली व तिची माहिती 1968 साली प्रसिद्ध केली; जेलीफिशच्या आजच्या टाक्या त्याच कल्पनेवर बेतलेल्या आहेत. घरासाठी संपूर्ण गोल टाकी करण्याची गरज नाही. चौकोनी टाकीच्या आत अ‍ॅक्रिलिकचा वाकवलेला पत्रा बसवला तरी काम होते, आणि त्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंना पाणी असल्याने त्याच्यावर दाब येत नाही, म्हणून बाहेरची भिंत 10 मिलिमीटरची असली तरी आतला पत्रा 3 मिलिमीटरचा पुरतो. तो भट्टीत साधारण 150 ते 160 अंशांवर मऊ करून लाकडी साच्यावर बसवावा. गार असताना जबरदस्तीने वाकवला, तर पुढे त्याला बारीक तडे जातात. बाहेर जाणारे पाणी एकाच भोकातून न ओढता, बारीक छिद्रांच्या मोठ्या जाळीतून घ्यावे, म्हणजे कोणत्याही एका जागी ओढ राहत नाही. आत येणाऱ्या पाण्याचा पातळ पडदा त्याच जाळीवरून घसरत जाईल अशी नळी लावली, की जवळ आलेला जेलीफिश आपोआप दूर सारला जातो. जोड पूर्ण झाल्यावर आतल्या प्रत्येक कडेवरून कापसाचा बोळा फिरवावा, आणि एक तंतू जरी अडकला तरी ती कड पुन्हा घासावी. नळीचे तोंड पाण्याखालीच असावे, कारण हवेचा बुडबुडा जेलीफिशच्या छत्रीसारख्या शरीराखाली अडकला तर त्याला इजा होते. दुकानदार माशांच्या टाकीबरोबर सर्वांत आधी बुडबुडे सोडणारा हवेचा दगड देतो; येथे तो वर्ज्य आहे.

आता विजेचे. पंप थांबला की जेलीफिश तळाशी जाऊन एकमेकांवर पडतात. म्हणून कमी वॅटचा डीसी पंप इन्व्हर्टरवर घ्यावा. चिलरचा कॉम्प्रेसर घरगुती इन्व्हर्टरवर चालेल अशी आशा धरू नये. पाणी जितके जास्त, तितके ते सावकाश तापते, यासाठी वरच्या टाकीत 40 लिटर पाणी असेल तर खालच्या फिल्टरच्या टाकीत 80 लिटर असावे, असा माझा आग्रह असतो. हे पाणी बोअरचे चालत नाही. आरओच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम समुद्री मिठाचे तयार मिश्रण घालावे लागते, म्हणजे 120 लिटरला सव्वाचार किलो, आणि आरओ यंत्र जितके पाणी देते त्याहून अधिक बाहेर टाकते. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील वाचकांना हा हिशेब समजावून सांगायला नको. बाहेर पडणारे पाणी फरशी पुसण्यासाठी धरून ठेवावे. गोड्या पाण्यातला जेलीफिश नसतो का, असेही एका गृहस्थांनी विचारले. असतो, वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना तो आपल्या सह्याद्रीतच सापडला होता. पण त्याची छत्रीची अवस्था अल्पकाळच दिसते आणि तो काही बाजारात मिळणारा प्राणी नव्हे.

चिलर परवडत नसेल किंवा नको असेल, त्यांनी मून जेलीफिशचा नाद सोडून कॅसिओपिया पाहावा, असे माझे मत आहे. ही उष्ण कटिबंधातली, खारफुटीच्या उथळ पाण्यात तळाशी उलटी पडून राहणारी जात आहे. तिच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात आणि त्यांच्यासाठी तिला दिवसा भरपूर प्रकाश लागतो. मात्र तिला सपाट तळाची साधी टाकी व मंद प्रवाह पुरतो, आणि पाणी 25 ते 28 अंशांवर असले तरी चालते. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर छोटा पंखा सोडला तरी बाष्पीभवनाने तापमान काही अंश उतरते. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय इतका लागू पडत नाही. पंख्याने पाणी आटते तेव्हा मीठ मागेच राहते, म्हणून रोजची भर बिनमिठाच्या पाण्याने घालावी. दिवे रात्री बंद ठेवावेत, कारण या मेंदू नसलेल्या प्राण्यालाही झोपेसारखी अवस्था असते, असे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले आहे. खाद्य म्हणून आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जीवाची अंडी खारट पाण्यात उबवावी लागतात, आणि त्यांना लागणारी ऊब वर्षातले बरेच महिने येथे फुकट मिळते.

कोणताही जेलीफिश घेतला, तरी फिल्टरमधले जिवाणू तयार होण्यासाठी टाकी चार ते सहा आठवडे जेलीफिश न सोडता नुसत्या पाण्यावर चालवावी लागते. वास्तुशांतीच्या तारखेला पाहुण्यांना दाखवायचा म्हणून पंधरा दिवसांत जेलीफिश सोडण्याचा आग्रह करणाऱ्यांचे काम मी घेत नाही. ज्यांना केवळ रंगीत दिव्यात तरंगणारे काही हवे आहे, त्यांच्यासाठी सिलिकॉनचे नकली जेलीफिश बाजारात आहेत, आणि ते घेण्यात कमीपणा मानू नये.

लेखमालेच्या पुढच्या भागात प्रत्येक जातीला लागणारे तापमान, चिलरसह होणारा खर्च आणि पाण्याची गरज आवर्जून छापावी, अशी विनंती आहे. तसेच वाचकांनी जेलीफिश विकत घेताना तो संवर्धित आहे की समुद्रातून पकडलेला, आणि किती अंशांच्या पाण्यात ठेवलेला होता, हे विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्यावे.

आपला नम्र,
एक मत्स्यालय कारागीर,
छत्रपती संभाजीनगर