नांदूर मध्यमेश्वरसाठी पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यावरण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सविनय नमस्कार.

निफाड तालुक्यात गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ बंधारा बांधला तो शेतीच्या पाण्यासाठी. मागे गाळ साचत गेला, बेटे झाली, पाणकणीस माजले आणि पाखरे आपणहून वस्तीला आली. जानेवारी २०२० मध्ये नांदूर मध्यमेश्वरचे हे पक्षी अभयारण्य राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. थंडीत चापडगावच्या मनोऱ्यावर उभे राहावे: थापट्या, तलवार बदके, चक्रवाक, वारकरी पाखरांचे काळे थवे, कडेच्या चिखलात चोच फिरवणारे चमचे. साहेब, आपण एकदा पहाटे याच. दुपारी पाखरे पांगलेली असतात.

पण येताना नदीही पाहा. वरच्या अंगाला नाशिक शहर आहे. पुरेशी प्रक्रिया न झालेले सांडपाणी गोदावरीत मिसळते आणि त्यातला नायट्रोजन, फॉस्फरस पाणवेलींना खतासारखा लागू पडतो. बघता बघता पाणी झाकले जाते. खाली ऊन पोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे तडफडतात. बदकांना उतरायला उघडे पाणी उरत नाही आणि मासेमारांना जाळे टाकता येत नाही. यंत्राने पाणवेली काढणे गरजेचेच आहे, पण सांडपाणी येत राहिले तर त्या पुन्हा वाढणारच. २०२७ च्या सिंहस्थासाठी नदीकाठी कोट्यवधींची कामे होत आहेत. त्यांत मलजलशुद्धीकरण सर्वांत आधी हवे. घाटांची फरशी नंतर बसली तरी चालेल.

दुसरी गोष्ट पाण्याच्या पातळीची. चिखलपक्ष्यांना घोटाभर पाणी लागते. कालव्याच्या आवर्तनासाठी, म्हणजे शेतीला पाळीचे पाणी सोडण्यासाठी, पातळी एकदम वरखाली झाली की त्यांची चरण्याची जागा बुडते किंवा सुकून जाते. शेतकऱ्याचे आवर्तन कोणी तोडा म्हणत नाही. पातळी हळूहळू बदलावी, एवढेच.

अडचण अशी की पाखरे वन खात्याची, बंधाऱ्याचे दरवाजे जलसंपदा खात्याचे आणि सांडपाणी महापालिकेचे. ही सगळी खाती एका टेबलाशी बसतात ते २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार नेमलेल्या राज्य प्राधिकरणात, आणि त्याचे अध्यक्षपद मंत्र्यांकडे असते. म्हणून हे पत्र आपल्याला. येत्या हिवाळ्याआधी प्राधिकरणाची बैठक नांदूर मध्यमेश्वरलाच घ्या, काठावरच्या गावांना बोलवा आणि अभयारण्यात शिरणाऱ्या पाण्याची तपासणी दरमहा जाहीर करण्याचा आदेश तिथेच काढा.

आपला नम्र,
नाशिक जिल्ह्यातील एक पक्षीनिरीक्षक