ब्लूज लंडनपाशीच संपत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला लंडनच्या ब्लूज संगीतावरचा लेख आवडला, पण त्यात पेटर थोरुपचं नावही नाही, हे खटकलं. बोटीवर नोकरीला असताना कोपनहेगनच्या एका जुनाट दुकानात मी त्याची तबकडी घेतली. ‘बीफीटर्स’ या बँडमधून पुढे आलेला हा डॅनिश गायक १९६९ मध्ये ब्रिटिश ब्लूज गायक अलेक्सिस कॉर्नरच्या ‘न्यू चर्च’ या बँडमध्ये होता; त्याच वर्षी जुलैत लंडनच्या हाइड पार्कात रोलिंग स्टोन्सच्या आधी ही मंडळी गायली. पुढे ‘सीसीएस’ या बँडमध्येही दोघं एकत्र. कॉर्नरचा गळा घोगरा, थोरुपचा मोकळा. २००७ मध्ये थोरुप गेला.

माझ्या तबकडीवर चरा पडलाय. एका ओळीवर सुई तीनदा अडखळते. नातवाला वाटतं, गाणंच तसं आहे.

– एक निवृत्त खलाशी, दापोली