प्रयोगशाळेतील हळद आणि ताटातील हळद

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर हळद, गुळवेल, जांभूळ, शेवगा, नाचणी यांपैकी कशावर तरी प्रयोगशाळेत झालेल्या संशोधनाची बातमी वरचेवर येते. ती मी आवडीने वाचते. सांगलीतील एका महाविद्यालयात मी ३१ वर्षे रसायनशास्त्र शिकवले आणि माझे माहेर सांगलीजवळच्या हरिपूरचे. हळद साठवण्याच्या जमिनीखालील पेवांच्या गावात वाढलेल्या मुलीला हळदीचे कौतुक कोणी शिकवावे लागत नाही. तरीही या बातम्यांत एक गोष्ट सातत्याने सुटते. प्रयोग कशावर झाला, काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर, उंदरांवर की माणसांवर, हे मथळ्यात कधीच नसते आणि मजकुरात असलेच तर अगदी शेवटच्या ओळीत असते. ती ओळ न वाचल्याने काय होते ते माझ्या घराने पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

माझे धाकटे दीर मधुमेही आहेत. जांभळाच्या बियांच्या अर्काने रक्तातील साखर उतरल्याची बातमी त्यांनी दोन वर्षांपूर्वी एका वृत्तपत्रात वाचली, कात्रण कपाटाच्या दाराला चिकटवले आणि बिया वाळवून घरीच चूर्ण करून घ्यायला सुरुवात केली. चूर्णाला घरात कोणाचाच विरोध नव्हता. पण त्याबरोबर त्यांनी गोळ्या थांबवल्या हे त्यांनी कोणालाही कळू दिले नाही. पायाच्या अंगठ्याची जखम चिघळून त्यांना मिरजेच्या रुग्णालयात हलवावे लागले तेव्हा ते समजले. अंगठा काढावा लागला. त्यानंतर मी ते कात्रण शेवटपर्यंत वाचले. प्रयोग उंदरांवर झाला होता आणि त्या उंदरांना मधुमेह झाला होता तो रसायनाचे इंजेक्शन देऊन, स्वादुपिंडातील पेशी मारून. भाऊजींचा मधुमेह वय, वजन आणि घराण्यातून आलेला. दोन्हींचे नाव एक असले तरी आजाराची वाट वेगळी, आणि उंदरावर उतरलेला गुण माणसावर उतरेलच असे त्या संशोधकांनीही म्हटले नव्हते. ते मथळ्याने म्हटले.

हळदीचेच उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या जिल्ह्याचे पीक आहे आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हळदीचा पिवळा रंग ज्या कर्क्युमिनचा, ते १८१५ मध्ये प्रथम वेगळे काढण्यात आले आणि त्याची रचना १९१० मध्ये मांडली गेली. हळदीत त्याचे प्रमाण साधारण तीन टक्के असते, जातीप्रमाणे थोडे कमीअधिक. बशीतील पेशींवर हे कर्क्युमिन थेट ओतता येते. माणसाच्या शरीरात मात्र ते आतड्यातून फारसे शोषले जात नाही आणि जे शोषले जाते त्याचे यकृत लगेच रूपांतर करून टाकते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २४ निरोगी लोकांना अर्ध्या ग्रॅमपासून १२ ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन एका वेळी देण्यात आले. आठ ग्रॅमपर्यंतच्या मात्रेत एकाच्याही रक्तात ते सापडले नाही. आठ ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे सुमारे पाव किलो हळद. आमटीत आपण चिमूटभर घालतो.

यावर मिऱ्यांचे उत्तर नेहमी दिले जाते. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातील पायपरीन २० मिलिग्रॅम दिले आणि शोषण २००० टक्क्यांनी वाढल्याचे दाखवले. हा आकडा बातम्यांना फार आवडतो. परंतु मुळात जवळजवळ शून्य असलेली गोष्ट वीसपट झाली तरी ती थोडीच राहते. शिवाय पायपरीन हे काम करते ते यकृताकडून होणारा अशा पदार्थांचा निचरा मंदावून, आणि तो निचरा इतर औषधांसाठीही तितकाच मंदावू शकतो. ज्यांना फिट्सच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी हळद-मिऱ्याच्या कॅप्सूल सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायलाच हवे. जेवणातील चार मिऱ्यांबद्दल मी बोलत नाही.

कर्क्युमिनचा आणखी एक गुण आम्ही रसायनशास्त्रवाले आधीपासून ओळखतो. हळदीचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावला की डाग लाल होतो, चुन्याने हळदीचे कुंकू होते, हळदीच्या पाण्यात भिजवलेला कागद मुले शाळेत आम्लारी ओळखायला वापरतात. हा रेणू चंचल आहे, स्वतः रंगीत आहे, विशिष्ट प्रकाशात चमकतो आणि प्रथिनांना कुठेही चिकटतो. प्रयोगशाळेतील पुष्कळ चाचण्या रंग किंवा चमक मोजूनच 'परिणाम झाला' असे सांगतात, त्यामुळे कर्क्युमिन घातले की ती चाचणी खोटीच होकारार्थी येण्याचा धोका असतो. २०१७ मध्ये अमेरिकेतील औषध-रसायनशास्त्रज्ञांनी या साऱ्या साहित्याचा आढावा घेतला, १२० हून अधिक मानवी चाचण्यांची नोंद घेतली आणि रुग्णाला व डॉक्टरलाही औषध कोणते ते माहीत नसते अशा काटेकोर पद्धतीची एकही चाचणी यशस्वी ठरली नसल्याचे लिहिले. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की थायलंडमध्ये गुडघेदुखीच्या ३६७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हळदीचा अर्क चार आठवडे घेणाऱ्यांना आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक घेणाऱ्यांइतकाच आराम पडला होता. तेव्हा हळद निरुपयोगी आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण गुडघ्याचा आराम आणि कर्करोगाचा नाश यांतील अंतर एका मथळ्यात पुसले जाऊ नये.

या विषयावर बोलले की हमखास १९९७ चा दाखला पुढे येतो. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकेने १९९५ मध्ये दिलेले पेटंट आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवून रद्द करवून घेतले. त्याचा मला अभिमान आहे आणि दरवर्षी मी तो वर्गात सांगत असे. मात्र ते पेटंट रद्द झाले ते हा उपयोग नवा नाही, भारतात आधीपासून ठाऊक आहे, या कारणाने. हळदीने जखम किती भरते याचा निवाडा त्या प्रकरणात झालाच नाही. परंपरेने आपल्याला कुठे शोधायचे ते सांगितले. सापडले की नाही हे तपासावेच लागते, आणि तसे तपासण्यात परंपरेचा अपमान नाही.

तपासणे कसे असते याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सर्पगंधा आपल्याकडे शतकानुशतके वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना दिली, दाब मोजून नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ते निष्कर्ष ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापले. त्यानंतर १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन हे औषधी द्रव्य वेगळे काढले गेले आणि जगभर त्याचा वापर झाला. त्यातूनच पुढे ते काही रुग्णांना नैराश्य आणते हेही समजले. आपल्या सह्याद्रीतील नरक्या या झाडाचेही तसेच. त्यात सापडणारे, कर्करोगाच्या पेशी मारणारे कॅम्प्टोथेसिन मुळात एका चिनी झाडातून मन्रो वॉल आणि नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी अमेरिकेत शोधून १९६६ मध्ये जाहीर केले. ते जसेच्या तसे रुग्णाला सोसवेना, म्हणून त्यात बदल करून तयार केलेली औषधे अमेरिकेत कर्करोगावर वापरात यायला १९९६ उजाडले. तीस वर्षांचे हे काम बाजूला ठेवून 'नरक्यात कर्करोगाचे औषध' एवढेच छापले तर झाडे तोडून नेणाऱ्यांचे तेवढे फावते, आणि सह्याद्रीने ते पाहिलेही आहे.

गुळवेलीचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. करोनाच्या काळात घरोघरी काढा सुरू असताना मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही आणि वनस्पती ओळखण्यातच चूक झाली असावी असे म्हटले. वाद काहीही असो, दारावरची वेल नक्की कोणती आहे हेच जर तज्ज्ञांना विचारावे लागत असेल, तर बातमीत वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि पान, साल, बी की मूळ हे छापण्याला जागा लागते किती? एक ओळ.

प्रयोगशाळेकडून आपण मागायला हवे असे एक काम मात्र बातम्यांत क्वचितच दिसते. हळकुंडाला झळाळी यावी म्हणून त्यावर लेड क्रोमेट या शिसेयुक्त पिवळ्या रंगाचा लेप देण्याची वाईट प्रथा बांगलादेशात होती. २०१९ मध्ये संशोधकांनी लोकांच्या रक्तातील शिशाचा माग थेट हळदीपर्यंत काढला, सरकारने बाजारात तपासण्या करून दंड केले आणि २०२१ पर्यंत ही भेसळ बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली. आपल्या बाजाराबद्दल मी कोणताही आरोप करत नाही. परंतु जिथे राजापुरी हळदीचे सौदे देशभरासाठी निघतात, तिथल्या वर्तमानपत्राने नमुन्यांच्या तपासणीचे निकाल मागवून नियमित छापले, तर लहान मुले असलेल्या घरांना त्याचा उपयोग होईल आणि चोख माल पिकवणाऱ्या शेतकऱ्यालाही.

माझी विनंती एवढीच, की अशा प्रत्येक बातमीच्या पहिल्या परिच्छेदात प्रयोग कशावर झाला, अर्काची मात्रा रोजच्या आहाराच्या मानाने किती होती आणि संशोधनाला पैसा कोणी दिला हे यावे, आणि चालू औषधे बंद करू नयेत ही ओळ ठळक अक्षरांत असावी. मूळ शोधनिबंध वाचायला वेळ लागतो आणि वार्ताहराकडे तो नसतो, हे मी जाणते. मी आणि माझ्या दोन निवृत्त सहकारी, एक वनस्पतिशास्त्राच्या आणि एक औषधनिर्माणशास्त्राच्या, असा मजकूर छपाईपूर्वी विनामूल्य वाचून देण्यास तयार आहोत. निबंध सकाळी पाठवल्यास संध्याकाळपर्यंत टिपण आपल्या कार्यालयात पोहोचवू.

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त प्राध्यापिका, विश्रामबाग, सांगली