डुकराच्या क्लोनिंगचे खरे काम

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

डुकराचे मूत्रपिंड माणसाला बसवल्याची बातमी आली की कौतुक शल्यविशारदांचे होते. ते डुक्कर मुळात जन्माला कसे आले, हे कुणी लिहीत नाही. क्लोनिंगचा विषय निघालाच तर 'एकासारखे एक प्राणी हवेत कशाला?' असा सवाल येतो. जन्मभर जीवशास्त्र शिकवल्यामुळे मला गप्प राहवत नाही.

डुकराच्या पेशींवर एक शर्करा असते आणि तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे आपल्या रक्तात आधीच तयार असतात. म्हणून साध्या डुकराचा अवयव बसवला तर तो काही मिनिटांत किंवा तासांत निकामी होतो. त्या शर्करेचे जनुक काढायचे तर ते प्राण्याच्या पेशीपेशीतून गेले पाहिजे. त्यासाठी बशीत वाढवलेल्या पेशींत बदल करतात, तो जिच्यात नेमका साधला ती पेशी निवडतात आणि तिचे केंद्रक, स्वतःचे केंद्रक काढून घेतलेल्या अंड्यात घालतात. त्या अंड्यातून वाढलेल्या पिलाच्या प्रत्येक पेशीत मग तो बदल असतो. क्लोनिंग म्हणतात ते हेच, आणि ते लागते ते इथे.

पहिली पाच क्लोन पिले ५ मार्च २००० रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनियात जन्मली. त्यांतल्या 'ख्रिस्ता' या पिलाचे नाव हृदयरोपण करणाऱ्या ख्रिस्तियान बर्नार्ड यांच्यावरून ठेवले होते. रोख अवयवरोपणाकडे आहे, हे तेव्हाच स्पष्ट होते. जानेवारी २०२२मध्ये अमेरिकेतल्याच बाल्टिमोर शहरात एका रुग्णाला बसवलेले हृदय दहा जनुकीय बदल केलेल्या डुकराचे होते. रुग्ण दोन महिने जगला. त्या हृदयाबरोबर डुकरांचा एक विषाणूही आला होता, हे मागाहून कळले. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या अभ्यासासाठीही अशी डुकरे तयार झाली आहेत, कारण उंदरांत हा आजार माणसासारखा फुप्फुसांत उतरत नाही.

मला खटकते ती गोष्ट वेगळीच. मेंढीची गर्भधारणा एका गर्भावर टिकते. डुकरिणीला सुरुवातीला निदान चार-एक तरी लागतात. क्लोन केलेले गर्भ बहुतेक मरतात, म्हणून एकेकीच्या पोटात शंभराहून अधिक सोडावे लागतात, आणि तरीही पुष्कळदा हाती काही लागत नाही. वाट पाहत प्राण सोडणाऱ्या रुग्णांचा विचार करता हा मार्ग सोडावा असे मी म्हणणार नाही. पण पुढची बातमी छापताना, एका अवयवामागे किती डुकरिणी वापरल्या हाही आकडा संशोधकांना विचारून छापावा, एवढी विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक