लेखकाच्या दुसऱ्या भेटीची तरतूद करा : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री यांस,

सविनय नमस्कार.

शाळा, महाविद्यालये आणि विद्यापीठे यांमध्ये सर्जनशील लेखन शिकवण्यासाठी लेखकांना बोलवावे, असा विचार शिक्षण खात्यात अधूनमधून होत असतो आणि तो योग्यच आहे. मी कथा-कादंबऱ्या लिहिते आणि प्राथमिक शाळेपासून पदव्युत्तर वर्गापर्यंत लेखन शिकवत आले आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट आपल्या कानावर घालायची आहे. अशा योजनांत लेखकाच्या पहिल्या भेटीची चोख तजवीज असते, दुसऱ्या भेटीची बहुधा नसते. आणि खरे शिकवणे दुसऱ्या भेटीपासून सुरू होते.

पहिल्या भेटीत स्वागत होते, परिचय होतो, लेखक बोलतो, "तुम्हाला कथा कशा सुचतात?" हा ठरलेला प्रश्न येतो आणि आभार मानले जातात. फार तर मुले काही ओळी लिहितात, दोघेतिघे त्या वाचून दाखवतात आणि टाळ्या पडतात. अशा एका कार्यक्रमानंतर माझ्याकडे अहवालाचा नमुना भरण्यासाठी आला होता. त्यात उपस्थितांची संख्या, छायाचित्रे, मान्यवरांची नावे आणि झालेला खर्च यांसाठी रकाने होते. मुलांनी काय लिहिले, यासाठी एकही नव्हता. (नमुना तयार करणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याला जे मोजायला सांगितले गेले, ते त्याने मोजले.)

आता दुसऱ्या भेटीत काय घडते ते पाहा. नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात एका मुलीने लिहिले होते, "माझा भाऊ रागीट आहे." वाक्य शुद्ध होते, अक्षर चांगले होते आणि बाईंनी त्यावर बरोबरची खूणही केली होती. पुढच्या आठवड्यात मी तिच्याजवळ बसून विचारले, "तो रागावलाय हे तुला कशावरून कळतं?" तिने बराच वेळ पेन्सिल चावली आणि मग लिहिले, "भाऊ रागावला की बुटाची नाडी सोडतो आणि परत बांधतो. तोपर्यंत त्याच्याशी कोणी बोलायचे नाही." दुसरे वाक्य मी मागितले नव्हते. घरात सगळे पाळत असलेला, पण कोणीही कधी न उच्चारलेला एक नियम तिला लिहितानाच सापडला होता. हा प्रश्न विचारता यावा म्हणून तिची वही आधी निवांतपणे वाचलेली असावी लागते आणि पुन्हा तिच्याच शेजारी जाऊन बसावे लागते. सध्याच्या पद्धतीत या दोन्ही गोष्टींना ना वेळ आहे, ना मानधन.

लेखक सगळ्या स्तरांवर तेच शिकवतो, हा समजही योजना आखताना बाजूला ठेवावा लागेल. अमेरिकन कवी केनेथ कोक कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते. १९६८ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमधल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत कविता शिकवायला सुरुवात केली आणि पुढे एका शुश्रूषागृहातल्या वृद्धांनाही शिकवली. मुलांना त्यांनी वृत्त-अलंकार सांगितले नाहीत. प्रत्येक ओळीची सुरुवात इच्छा सांगणाऱ्या त्याच शब्दांनी करा, एवढीच अट घातली, आणि यमक जुळवू नका असेही सांगितले. कारण यमकाच्या मागे लागलेले मूल स्वतःला म्हणायचे ते सोडून भलतेच म्हणून बसते. विद्यापीठातला व्याख्यान-आराखडा सोपा करून शाळेत नेण्यापेक्षा हे फार वेगळे काम आहे, आणि त्याला तितकीच तयारी लागते.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचा वर्ग मला सर्वांत अवघड वाटतो. प्रस्तावना, मधे एखादे सुभाषित, शेवटी बोध हा साचा त्यांच्या हातात इतका मुरलेला असतो की कागद पुढे आला की तोच आपोआप उतरतो. लेखकाने तो साचा मोडायला सांगावा, तर परीक्षेत गुण त्याच साच्याला मिळतात, आणि त्या गुणांबद्दल पालकांना उत्तर द्यावे लागते ते शिक्षकांना, लेखकाला नव्हे. म्हणून शिक्षकांना वर्गाबाहेर ठेवून किंवा त्यांच्या पद्धतीवर कोट्या करून टाळ्या मिळवणारे लेखक (असे आमच्यात आहेत) या कामाचे नुकसानच करतात. इटालियन बालसाहित्यिक जानी रोदारी यांनी १९७२ मध्ये रेज्जो एमिलिया या शहरात शिक्षकांसोबतच बसून गोष्ट रचण्याच्या युक्त्या मांडल्या होत्या. 'कुत्रा' आणि 'कपाट' असे एकमेकांशी संबंध नसलेले दोन शब्द शेजारी ठेवायचे आणि त्यांच्यामधली गोष्ट शोधायची, ही त्यांतलीच एक युक्ती. लेखक निघून गेल्यावरही ती शिक्षकांच्या हाती राहते.

पदव्युत्तर स्तरावर चित्र पुन्हा पालटते. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने १९३६ मध्ये लेखन-कार्यशाळा सुरू केली, तर इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम. एकाच्या लिखाणावर बाकीचे चर्चा करतात आणि लिहिणारा त्या वेळी गप्प राहून ऐकतो, ही कार्यशाळेची रीत त्यातून जगभर पसरली. कादंबरीची दोनशे पाने लिहून झालेल्या प्रौढ विद्यार्थ्याला तिचा उपयोग होतो, जरी त्या सक्तीच्या मौनावर अलीकडे रास्त आक्षेपही घेतले गेले आहेत. तीच रीत नववीच्या वर्गात लावली, तर बुजरी मुले पुन्हा लिहिणार नाहीत. शिवाय विद्यापीठात लेखकाचा उपयोग केवळ साहित्याच्या विद्यार्थ्यांना व्हावा असेही नाही. ब्रिटनमधल्या रॉयल लिटररी फंडाने १९९९ पासून विद्यापीठांत लेखक नेमले आहेत आणि कोणत्याही शाखेचा विद्यार्थी आपला निबंध घेऊन त्यांच्याकडे जाऊ शकतो. कोणताही गाजावाजा नसलेली ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते.

मधल्या स्तराकडे मात्र सगळीकडे दुर्लक्ष होते. इंग्लंडमध्ये २०१३ साली उच्च माध्यमिक स्तरावर सर्जनशील लेखनाचा स्वतंत्र विषय सुरू झाला आणि तो ज्ञानापेक्षा कौशल्यावर आधारलेला आहे, अशा कारणाने काही वर्षांतच गुंडाळला गेला. विद्यापीठांतून हाच विषय त्या काळी जोमाने शिकवला जात होता, ही त्यातली गंमत.

नेमणुकीच्या अटींबाबतही थोडे लिहिते. पदवी नाही म्हणून अनुभवी लेखकाला तासिका तत्त्वावरही घेता येत नाही, आणि पदवी आहे म्हणून आयुष्यात एक कथा न लिहिलेल्या उमेदवाराला लेखन शिकवता येते, हे दोन्ही चूक आहे. पण केवळ पुस्तके आणि पुरस्कार पाहून नेमणूक करणेही मला मान्य नाही. उत्तम लेखक वर्गात निव्वळ कंटाळवाणे ठरलेले मी पाहिले आहेत. नेमण्यापूर्वी त्यांना एकदा शिकवताना पाहावे आणि एखाद्या विद्यार्थ्याच्या लिखाणावर त्यांनी दिलेले शेरे वाचावेत. शेऱ्यांवरून बरेच कळते.

प्राथमिक स्तरावर या लेखनाला गुण देऊ नयेत. पदवी स्तरावर गुण द्यावेच लागतील. तेव्हा अंतिम लिखाणासोबत त्याचे आधीचे खर्डेही तपासावेत. योजनेच्या अखेरीस मुलांच्या कवितांचा गुळगुळीत संग्रह छापण्याची अट कृपया काढून टाकावी. त्या संग्रहातल्या कविता अनेकदा मोठ्यांनी इतक्या 'सुधारलेल्या' असतात की छापलेली ओळ मुलाला स्वतःची वाटत नाही.

म्हणून माझी विनंती मर्यादित आहे. तेवढ्याच निधीत कमी शाळा घ्या, पण एका वर्गाला एकच लेखक संपूर्ण सत्रभर द्या. मानधनाच्या तक्त्यात 'व्याख्यान' या रकान्याशेजारी 'लिखाण वाचणे व शेरे देणे' असा रकाना घाला आणि त्या वेळेचे पैसे द्या. वर्गशिक्षकाला त्या तासांसाठी इतर कामांतून मोकळे करा, म्हणजे त्यालाही मुलांसोबत लिहिता येईल. आणि अहवालासोबत प्रत्येक वर्गातून एका मुलाचा पहिला खर्डा आणि शेवटचा खर्डा मागवा. दोन्ही त्याच्याच अक्षरात, दुरुस्त्या न करता.

आपली नम्र,
एक कथालेखिका आणि लेखन-शिक्षिका