गायरानालाही खासगी जमिनीइतकेच भाडे द्या

महोदय,

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधून शेतीपंपांना दिवसा वीज मिळते, हे मोठे काम आहे. रात्री पाणी धरायला जाणाऱ्यांना त्याचे मोल सांगायला नको. मात्र त्यासाठीचा सौर प्रकल्प गायरानावर, म्हणजे गावच्या गुरांच्या चराईसाठी राखलेल्या सरकारी जमिनीवर, उभा राहतो तेव्हा हिशेब बिघडतो.

1 मेगावॅटला साधारण 4 ते 5 एकर लागतात. 5 मेगावॅटला ढोबळमानाने 10 हेक्टर. जमीन खासगी असेल तर हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये भाडे, वर दरसाल 3 टक्के वाढ. म्हणजे पहिल्याच वर्षी साडेबारा लाख. तेवढेच गायरान दिले तर भाडे नाममात्र, आणि ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख, तेही तीनच वर्षे. वीजखरेदी करार मात्र 25 वर्षांचा! ज्यांची गुरे, शेळ्या-मेंढ्या या रानावर जगतात त्या भूमिहीनांच्या हाती यातले काय पडते?

सौर प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागत नाही, त्यामुळे जनसुनावणीही नाही. उरते ग्रामसभा. तिची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जे कमी ते. ती भरली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग मोजक्या लोकांत ठराव होतो आणि कुंपण पडल्यावर कळते की पाणवठ्याची वाट आत गेली. म्हणून सभेच्या नोटिशीतच गट नंबर, क्षेत्र आणि वहिवाटीच्या वाटा व ओढे दाखवणारा नकाशा हवा. आधी महिला सभेत चर्चा आणि जागेवर शिवारफेरी व्हावी.

पाण्याचेही ठरावात लिहून घ्यावे. 5 मेगावॅटला सुमारे 10 हजार पॅनेल बसतात. त्यांच्यावरची धूळ धुवायला एका पॅनेलला 2 लिटर धरले तरी एका धुण्याला 20 हजार लिटर, म्हणजे दोन टँकर. दुष्काळी तालुक्यात एप्रिल-मेमध्ये हे पाणी गावच्या विहिरीतून जाता कामा नये.

पॅनेलची खालची कड जमिनीपासून मीटरभर उंच ठेवली आणि केबल जमिनीत पाइपातून नेली तर खाली मेंढ्या चरू शकतात. शेळ्या नकोत, त्या पॅनेलवर चढतात, वायरी कुरतडतात. ही अट निविदेतच हवी, कारण खांब रोवल्यावर उंची वाढवायला कोणी तयार होत नाही.

शासनाने गायरानाला खासगी दराने, कराराच्या पूर्ण मुदतीचे भाडे द्यावे. ते ग्रामपंचायतीच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावे आणि त्यातला ठरलेला वाटा चराई गमावलेल्या कुटुंबांच्या चाऱ्यासाठी राखून ठेवावा.

– एक वाचक