शिक्रा की पावशा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरात अचानक एखादा शिकारी पक्षी दिसला की त्याच्या फोटोखाली ‘गरुड’ नाहीतर ‘ससाणा’ लिहून लोक मोकळे होतात. पारव्याएवढा किंवा जरा लहान, इमारतींमधल्या झाडीत घुसणारा असा पक्षी बहुधा शिक्रा असतो. रंगावर विसंबू नये, उलट्या प्रकाशात सगळेच काळपट दिसतात. आधी पंख आणि शेपूट पाहावे. शिक्र्याचे पंख आखूड, टोकाला गोलसर आणि शेपूट लांब. चार-पाचदा भराभर पंख मारायचे आणि मग तरंगायचे, ही त्याची ढब. ससाण्याचे पंख लांब आणि टोकदार असतात. घारीच्या शेपटीला खाच असते, पण शेपूट पसरली की ती बुजते आणि जाणकारही चकतात.

खरी फसगत करतो तो पावशा, कोकिळेच्या कुळातला पक्षी. पाठ राखाडी, शेपटीवर पट्टे, उडणेही हुबेहूब शिक्र्यासारखे. चिमण्यासुद्धा त्याला पाहून कल्ला करतात! तो बसला की मात्र भेद उघडा पडतो. शिक्र्याची चोच आखूड आणि मुळापासूनच बाकदार, पावशाची जवळजवळ सरळ. शिक्र्याचे पाय लांब, पिवळे, अणकुचीदार नखांचे. पावशाचे पाय आखूड, दोन बोटे पुढे आणि दोन मागे. शिक्र्याच्या छातीवर तपकिरी उभे फराटे असतील तर ते पिल्लू. प्रौढाच्या छातीवर बारीक आडव्या तांबूस रेघा असतात. आणि ‘पेरते व्हा’ अशी हाक ऐकू आली तर प्रश्नच मिटला, तो पावशाच.

पारव्यामागे सुसाट आलेला शिक्रा कधी काचेवर आदळतो. अशा वेळी त्याला उचलताना चोचीपेक्षा नखांपासून स्वतःला जपावे. डोक्यासकट अंगावर जाड टॉवेल टाकून त्याला भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावे, झाकण लावून अंधार करावा आणि वन्यजीव बचाव केंद्राला कळवावे. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. दूध-पाव तर नकोच. उडतो का हे पाहायला हवेत फेकणे हा सर्वांत वाईट प्रकार, कारण आतली इजा वरून दिसत नाही.

अशी धडक टाळायला काचेवर ससाण्याच्या आकृतीचा एखादाच स्टिकर लावून काही साधत नाही; पक्षी त्याच्या शेजारच्या मोकळ्या काचेवर आदळतो. त्याऐवजी ठिपके लावावेत, तेही काचेच्या बाहेरच्या बाजूने, 5 सेंटिमीटर अंतराने, पूर्ण काचभर.

— एक पक्षीनिरीक्षक